उजवीकडची पट्टी

घोडेगाव, १४ नोव्हेंबर २००५

प्रिय परवेज,

तुझा ‘निरोप’ हा पत्रांचा प्रोग्राम काल दुकानातल्या सगळ्या यंत्रांवर चढवला. हे पत्र त्यातूनच लिहितो आहे. आधी चुका सांगतो, मग कौतुक. उलट क्रमाने सांगितलं तर माणूस कौतुकावरच उठून जातो.

‘पाठवा’ दाबलं की खिडकी मिटते, पण पत्र गेलं की मधेच लटकलं ते कळत नाही. आमच्याकडे फोनची लाइन चहाला उकळी फुटेपर्यंत टिकत नाही, हे तुला माहीत आहे. पत्रातला शब्द निवडून ‘शोधा’ दाबलं तर पत्र न मिटता खालच्या अर्ध्या भागात जगभरची पानं उघडतात, ही सोय उत्तम. पण त्या पानांखाली पत्राची तारीख झाकली जाते. तारीख झाकलेलं पत्र मी पत्र मानत नाही.

आता कौतुक. मराठी स्वच्छ दिसतं आणि सापडतं. ते सापडणारच होतं, कारण तक्ता माझा आहे. प्रत्येक फॉन्टवाल्याने आपली बाराखडी वेगळ्याच आकड्यांवर बसवलेली. एकाचा ‘क’ दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन होतो. सगळ्यांच्या बाराखड्या समोरासमोर मांडून कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे मी ठरवलं. त्या तक्त्याशिवाय तुझ्या यंत्राला ‘टोमॅटो’ आणि ‘टपाल’ यांतला फरक कळला नसता. मी दहावी नापास माणूस. कोणी शिकवलं नाही, पुस्तकं इंग्रजीत, शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. हे तुला माहीत आहे. पेपरवाल्याला माहीत नसावं.

रविवारचा पेपर पाहिला. ‘जुन्नरच्या तरुणाची कमाल.’ त्रेचाळिसाव्या वर्षी तरुण! असो. मजकूर दोनदा वाचला. तुमच्या कागदी घराण्याचा हातकागद आला, तुझे अब्बा कासमचाचा आले, यास्मिनवहिनींचा हातभार आला, तुझी जुनी स्कूटरसुद्धा आली. तक्ता आला नाही.

आणि पत्रात ज्याचा विषय निघेल त्याचीच जाहिरात उजवीकडच्या पट्टीत दिसणार, याला ‘अभिनव कल्पना’ म्हटलंय. अभिनव? जुन्नरच्या स्टँडमागे एका टेबलावर आपण दोघं रेडिओ उघडायचो तेव्हा यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात भोंगेही आपलेच असायचे, आठवतं? माईक माझ्या हातात. गाडा सुटला की मालकाचं नाव, बैल वर पोचून धापा टाकायला लागले की पेंडीच्या दुकानाचं नाव. नियमही मीच घातले होते. ज्याचा विषय त्याचंच दुकान पुकारायचं. ज्याच्या घरी नुकती मयत झालीय त्याच्या गाड्यामागे काही विकायचं नाही. आणि ज्याचा गाडा पळतोय, त्या बारीत, म्हणजे त्या फेरीत, त्याचं स्वतःचं दुकान पुकारायचं नाही, लोक म्हणतात आपलीच टिमकी. तू तेव्हा ॲम्प्लिफायरजवळ बसून वायर धरायचास. वायर चांगली धरायचास, ते नाकारत नाही.

तुझा,
सावळेराम

•

जुन्नर, २० नोव्हेंबर २००५

भाऊ, सलाम.

तुझं पत्र म्हणजे घरपट्टीची नोटीस. उघडण्याआधी पाणी प्यावं लागतं. तारखेवरचं झाकण काढलं. पत्र गेलं की आता खाली ‘पोचलं’ असं येतं. बघ.

वार्ताहराला तुझं नाव मी दोनदा सांगितलं, त्याने लिहूनही घेतलं. मग पेन थांबवून म्हणाला, “तक्ता म्हंजे काय ओ? आमच्या वाचकाला न्हाई कळायचं ते.” आणि स्कूटर घातली. लोकांना स्कूटर कळते, यार. मी काय करू?

घाट आठवतो म्हणून तर हे सुचलं. तुझे सगळे नियम मी जसेच्या तसे यंत्रात घातलेत. दिवाळीनंतर जुन्नर, नारायणगाव, घोडेगावची दुकानदार मंडळी जाहिरात द्यायला तयार झालीयत. त्या पैशावर सर्व्हरचं भाडं निघालं तर ‘निरोप’ लोकांना फुकट राहील. नाही निघालं तर बंद करावं लागेल, इतकं साधं आहे. आणि कोणी विचारलं तर सांग, पत्र माणूस वाचत नाही. यंत्र शब्दाला शब्द जुळवतं आणि पत्र मिटलं की विसरतं.

पहिली जाहिरात तुझ्या दुकानाची. पैसे नकोत. मजकूर मी लिहिणार आणि तुला आधी दाखवणार नाही. नजर ठेव.

परवेज

•

घोडेगाव, २ जानेवारी २००६

परवेज,

नजर ठेव म्हणालास, ठेवली.

पट्टी सुरू झाल्या दिवसापासून पाहतो आहे. कांद्याच्या पत्रापुढे बारदान, लग्नाच्या पत्रापुढे बँजो, भीमाशंकरच्या पत्रापुढे शिनोलीच्या रस्त्यावरची खानावळ. जुळणी चांगली होते. तक्त्याचं काम चोख आहे, हे सांगायला मला पेपर लागत नाही.

मग मी स्वतःलाच पत्र लिहिलं, ‘घोडेगावात कॉम्प्युटर कोण दुरुस्त करतं?’ पट्टीत उत्तर आलं, ‘कुंडलिक कॉम्प्युटर्स, तहसील कचेरीसमोर.’ म्हटलं, पहिलीच खेप आहे. मग लिहिलं, ‘मला कुंडलिककडे अजिबात जायचं नाही.’ पुन्हा कुंडलिक. मग माझं नाव, दुकानाचं नाव, पत्ता, सगळं एका ओळीत लिहिलं. कुंडलिक! सगळी यंत्रं पाहिली, गिऱ्हाइकांच्या खात्यांतही पाहिलं. माझं नाव कुठेच नाही.

कुंडलिक म्हणजे कोण, तुला सांगायला नको. पुण्याची पदविका चौकटीत घालून भिंतीवर लावलीय आणि सोल्डरिंग गन कोणत्या टोकाला तापते ते हात भाजल्यावर कळतं, असा तो इसम. परवा एक गुरुजी माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीवर, माझ्या यंत्रासमोर बसले होते. पट्टी वाचली आणि मलाच विचारतात, “हे कुंडलिकचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं हो?” मी वेळ सांगितली. अचूक सांगितली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तू म्हणालास पहिली जाहिरात माझी. पहिली राहू दे, शेवटचीही नाही. कुंडलिकने पैसे दिले असतील आणि मी फुकटातला. फुकटातल्या माणसाचं नाव वार्ताहरही गाळतो आणि तूही गाळतोस.

आणखी एक गोष्ट, तुझ्या कानावर मीच घातलेली बरी. शिनोलीची सरूबाई माझ्याकडे पत्रं ऐकायला येते. तिची तेजस्विनी ठाण्याला नर्स आहे. मी वाचतो, ती सांगते ते उत्तर टाइप करतो. काल वाचून दाखवत होतो तर पट्टीत गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीचं चित्र आलं. म्हातारी चष्मा वर करून म्हणाली, “आरं सावळेराम, ह्या डबड्याला कसं कळलं माझं गुडघं दुखत्यात? मी तर फकस्त पोरीला सांगितलं व्हतं.”

मी म्हणालो, “परवेजला विचारा.”

“म्हंजी त्यो वाचतो आमची पत्रं?”

मी काही बोललो नाही. प्रिंटरमध्ये कागद घालत राहिलो. मी खोटं बोललेलो नाही, हे नोंदवून ठेव.

सावळेराम

•

जुन्नर, ६ जानेवारी २००६

भाऊ,

रागावू नको. तुझी जाहिरात चालू आहे, पहिल्या दिवसापासून. इथे माझ्या पडद्यावर आत्ता दिसतेय. तुला का दिसत नाही ते मला कळलंय आणि कळल्यावर मी इतका हसलो की यास्मिन आतून बघायला आली. पण पत्रात सांगणार नाही. बुधवारी ईद आहे. ये. माझ्या खुर्चीवर बसवून दाखवतो. तुझा चेहरा मला बघायचाय. आमिना सारखी विचारते, “सावळेरामचाचा कधी येणार?” तुझ्यासाठी साखर कमी घालून शीरखुर्मा करायला सांगितलाय.

सरूबाईंना मात्र नीट समजावून सांग. तू सांगितलंस तर पटेल, माझं कोण ऐकणार?

परवेज

•

घोडेगाव, २९ जानेवारी २००६
(पोस्टाने)

श्री. परवेज कागदी यांस,

हे आंतरदेशीय पत्र पोस्टमन आणून देईल. याच्या उजव्या बाजूला काही छापलेलं नसेल.

ईदला आलो नाही. तुझ्याकडे त्या दिवशी पुण्याची पाहुणेमंडळी असणार, बँकेचे साहेब असणार. तू सगळ्यांना पडदा दाखवणार आणि मला दाराजवळची खुर्ची मिळणार. “हे आमचे जुने मित्र, रेडिओ दुरुस्त करतात.” तिथवर यायला एसटीचं तिकीट काढायची मला हौस नाही. आणि हसण्याजोगं त्यात काय होतं ते लिहायला तुला दोन ओळी लागल्या असत्या. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो ‘ये, दाखवतो’ म्हणतो. मीसुद्धा उधारीवाल्यांना हेच म्हणतो.

‘निरोप’ मी माझ्या यंत्रांवरून काढून टाकला आहे. बाजाराच्या दिवशी चौघांनी कारण विचारलं. मी एवढंच म्हणालो, “आत काय चालतं ते त्यालाच ठाऊक. मी आपला काढलाय.” यातलाही एक शब्द खोटा नाही. सरूबाईला समजावलेलं नाही. तुझं काम तू कर.

तक्ता माझा आहे. तोही तुझ्या यंत्रातून काढून टाक. मग बघू, तुझं यंत्र कोणाची बाराखडी वाचतं ते.

सावळेराम

•

जुन्नर, ३ मार्च २००६
(पोस्टाने)

भाऊ,

तक्ता काढला. तू म्हणालास म्हणून. ‘निरोप’मधलं मराठी आता चौकोनांची रांग झालंय, म्हणून मीही पोस्टानेच लिहितोय. शोधही काढला, कारण चौकोनांत शोधायचं काय? पट्टी त्याच्याही आधी, मागच्या महिन्यात बंद केली. का, ते सांगतो.

मढ गावाहून जीप भरून माणसं आली. दूधसंस्थेचे चेअरमन पुढे. सगळी माझी गिऱ्हाइकं, नावानिशी ओळखीची. शिनोलीच्या लेकी मढला दिल्यात ना, बोलणं त्या वाटेने गेलं. दुकानात शिरले आणि एक जण म्हणाला, “आमच्या सुनांची पत्रं वाचतोस व्हय रं?”

मी म्हणालो, “मी नाही वाचत, भाऊ. यंत्र वाचतं, तेही नुसते शब्द.”

“यंत्र कुणाचं?”

“माझं.”

“मंग?”

  चूक त्यांचीही म्हणवत नाही. आवाज चढले, शेजारची दुकानं दारात आली. तेव्हा अब्बा काठी टेकत बाहेर आले आणि पायरीवर बसले. एवढंच म्हणाले, “तीन पिढ्या कागद विकला. कुणी त्यावर काय लिहिलं, ते कधी पाहिलं नाही. माझा पोरगा पाहील?”  चेअरमननी अब्बांना हात जोडले. निघून गेले. पण परत कोणी आलं नाही. जाहिरातवाले दुकानदारही एकेक करून निघाले. पुढच्या महिन्यात सर्व्हरचं भाडं भरायला काही उरलेलं नाही. ‘निरोप’ एप्रिलअखेर बंद होईल. यास्मिन आठवडाभर बाजारात गेली नाही.

सगळे म्हणतात, गोष्ट शिनोलीतून निघाली. मी कोणाला तुझं नाव सांगितलेलं नाही. तुझी शेवटची दोन्ही पत्रं माझ्याकडे आहेत आणि तू खोटं बोलला नाहीस, हे मी नोंदवून ठेवलंय.

आता ते हसण्याजोगं. तुझाच नियम होता, भाऊ. ज्याचा गाडा पळतोय त्या बारीत त्याचं दुकान पुकारायचं नाही. मी यंत्राला तेच सांगितलं होतं. ज्या दुकानात पडदा चालू आहे तिथे त्याच दुकानाची जाहिरात दाखवायची नाही. तुझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला तुझं दुकान कशाला सांगायचं? म्हणून घोडेगावात, जुन्नरात, ठाण्यात, जिथे जिथे कॉम्प्युटरचा विषय असलेलं पत्र उघडलं तिथे तुझं नाव दिसलं. फक्त तुझ्या दुकानात नाही. तुझ्या जागी यंत्राने पुढचं नाव उचललं आणि ते कुंडलिकचं निघालं, ही माझी चूक. शेजारी शेजारी एकच धंदा असला तर काय करायचं, हे तू घाटात कधी सांगितलं नव्हतंस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ते दुरुस्त केलं. तुला दिसलं नाही, कारण तू मग बघितलंच नाहीस.

मजकूर काय होता ते आता सांगत नाही. तो पडद्यावर बघायचा होता.

परवेज

•

घोडेगाव, २१ मार्च २००६
(पोस्टाने, रजिस्टर)

प्रिय परवेज,

तुझं पत्र आलं त्यावर इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी काही कामं करायची होती. क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा कुंडलिककडे गेलो. इतक्या वर्षांत त्याची पायरी चढलो नव्हतो. पदविका अजून तिथेच आहे, चौकट तिरकी. म्हटलं, मला तुझ्या पडद्यावर एक पत्र उघडून बघू दे. तो म्हणाला, “काय बघता? पट्टी कवाच बंद झाली.” मी उभाच राहिलो. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जे बोलला ते तुला शब्दशः लिहितो.

“रोज दिसायचा तुमी, राव! माझं दुकान, माझं लाइटबिल, माझी खुर्ची, आन् पट्टीत तुमचं नाव. लई जळायचो मी. गिऱ्हाईक मलाच इचारायचं, ‘ह्ये सावळेराम कुठं बसत्यात?’ परवेजभाईंना फोन करून भांडलो, तर ते म्हणाले, तुझी जाहिरात सावळेरामच्या दुकानात दिसतीय की. म्हटलं, मंग ऱ्हाऊ द्या.”

म्हणजे मी त्याच्यावर जळत होतो तेव्हा तो माझ्यावर जळत होता आणि आम्हा दोघांच्या मध्ये एक गल्ली होती. त्याला विचारलं, “काय लिहिलं होतं रे?” त्याला पाठ होतं. इतक्या वेळा वाचलं होतं बिचाऱ्याने. शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं:

“सावळेराम इलेक्ट्रॉनिक्स, एसटी स्टँडसमोर, घोडेगाव. या पत्रातलं मराठी तुम्हाला दिसतंय ना? यंत्राला ते वाचायला यांनी शिकवलं.”

तो म्हणाला, “चहा सांगू का?” मी म्हणालो, “सांग.” चहा गोड होता. मी प्यायलो.

मग शिनोलीला गेलो. सरूबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिला शब्दाला शब्द कसा जुळतो ते तांदळाचे आणि खड्यांचे ढीग करून दाखवलं. तिला लगेच कळलं. मला तीच भीती होती. ती म्हणाली, “येवढंच व्हतं तर तवा का न्हाई बोललास?”

“तवा जळत व्हतो, आज्जी.”

“मंग आता इझलास का?”

“थोडा.”

“थोडा!” म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. तिच्या गुडघ्यांना ते तेल लागू पडलंय, असं तिची सून सांगते. हे तुला कळवावंसं वाटलं.

त्यानंतर मढ. चेअरमन गोठ्यात होते, तिथेच गाठलं. म्हणालो, परवेजने कोणाचं काही वाचलेलं नाही. बोलणं माझ्या दुकानातून निघालं. माझ्या गप्प बसण्यातून निघालं. यंत्र कुणाचं, याचं उत्तरही दिलं. म्हणालो, वाचायला मी शिकवलंय, म्हणजे अर्धं माझं. पुन्हा कोणाच्या सुनेचा विषय निघाला तर जीप घोडेगावला आणा, जुन्नरला नेऊ नका. त्यांनी बादली खाली ठेवली. “हितं गोठ्यात काय सांगता?” म्हणाले. “जिथं समदी जमत्यात तिथं सांगा.”

तेव्हा चैत्रातल्या यात्रेला घाटात माईक मी मागून घेतला आहे. गाडे सुटायच्या आधी बोलणार आहे. तुझं नाव, कासमचाचांचं नाव आणि मी काय केलं ते, सगळं पुकारणार. तू ये. माझ्याजवळ उभा राहा. गर्दीत भोंग्याची वायर कोणीतरी तुडवतंच, पण या वेळी ती मी धरून ठेवीन. माझं बोलून झालं की माईक तुझ्या हातात. लोकांना विचारायचं असेल ते विचारू देत. मला वाटतं दूधवाले परत येतील. ते आले की दुकानदार येतात.

सोबत तक्ता परत पाठवतो आहे, म्हणून रजिस्टर केलं. नवीन निघालेल्या दोन फॉन्टच्या बाराखड्याही जोडल्यात. जोडाक्षरं पुन्हा तपासली आहेत, तू तपासायला बसू नकोस. एक मात्र कर. पट्टीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिही, की हे यंत्र शब्द जुळवतं, माणूस पाहत नाही, आणि ज्याला पट्टी नको त्याने ती मिटावी. मिटायची खूण ठळक ठेव. सरूबाईला चष्म्याशिवाय दिसली पाहिजे.

यास्मिनवहिनींना माझा नमस्कार सांग. समोर येऊन सांगायला अजून धीर होत नाही. आमिनाला म्हणावं, चाचा चैत्रात भेटेल.

तुझा,
सावळेराम

ता. क. माझं दुकान एसटी स्टँडच्या शेजारी आहे, समोर नाही. समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. पुन्हा सुरू करशील तेव्हा तेवढं दुरुस्त कर. कुंडलिकचा पत्ता मात्र तू अचूक दिला होतास.